हात लावला की येती

माझ्या आजाराचं नाव मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. ते नाव मी दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत विसरले. दुसऱ्यांदा ते कानावर आलं तेव्हा मला नात झाली होती. मधली सगळी वर्षं मी त्याला 'माझं ते' असंच म्हणत आले.

परवा भाचीनं विचारलं, मावशी, बायकांना पण एडीएचडी असतो म्हणे, खरं का? मी म्हटलं, बस, सांगते. सांगायला बसले आणि आत कढी उतू गेली. म्हणून आता लिहूनच काढते. ज्या बायकांना 'लक्ष कुठंय तुझं' हे वाक्य जेवणाइतकंच रोज मिळतं, त्यांच्यासाठी हे आहे. डॉक्टरी माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती डॉक्टरकडून घ्या. मला फक्त भीतीची माहिती आहे. ती भरपूर आहे.

पूजा

माझं सासर सेलूचं. घरचं भुसाराचं दुकान, घर लिंगायत, आणि सासरे फार कडक. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून सात-आठ वर्षं होती. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मंगल, माझी मुलगी, दोन वर्षांची होती.

आमच्या घरात बायाबाप्यांनी लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, असा नेम होता. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळव्यावर ठेवायचं, विभूती लावायची आणि नजर त्याच्यावर रोखून एकशे आठ वेळा नाव घ्यायचं. अप्पा बसले की दगडासारखे बसत. मी अकराव्या नावाला घरातून बाहेर पडलेली असायची. शरीर तिथंच, पाटावर.

त्या दिवशी समोरच्या भिंतीला कापसाचा एक पुंजका चिकटला होता. हंगामात सेलूभर कापूस उडतो, घरात यायचाच. तो पडतो का राहतो हे मी बघत होते. त्यावरून मला ताडकळसची, माझ्या माहेरची शाळा आठवली, शाळेवरून गणिताचे मास्तर, मास्तरांवरून त्यांची सायकल, आणि सायकलीची घंटी कुणी चोरली असेल हा विचार मी अगदी मन लावून करत होते. तेवढ्यात पूजा संपली. मला पत्ता नव्हता. अप्पांनी तीर्थ घ्यायला तीनदा हाक मारली म्हणतात. माझे डोळे उघडे होते, पापणी हलत नव्हती, आणि हात हळूहळू कलला. लिंग तळव्यावरून घरंगळलं आणि फरशीवर पडलं.

लिंगायत घरातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाकीच्यांना एवढंच सांगते की ते लिंग माणूस मेल्यावरही त्याच्या अंगावरून काढत नाहीत.

मला वाटलं आता अप्पा ओरडतील. ते ओरडले नाहीत, हेच वाईट झालं. ते माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले आणि आत्याबाईंना हळू म्हणाले, "हिला मिरगी हाय."

त्याआधीचं

खरं तर घरात कुरबूर आधीपासून सुरू होती. मी नळावर घागर घेऊन जायची आणि गप्पा घेऊन परत यायची, घागर तिथंच. भाजीत मीठ दोनदा, नाहीतर अजिबात नाही. दूध तर मी एवढं उतू घातलं असेल की त्यात एक म्हैस पोसली गेली असती. गॅस नव्हता आमच्याकडं, स्टोव्ह होता, आणि स्टोव्हच्या आवाजात मला फार छान विचार सुचायचे.

माहेरी हेच चालून गेलं. शाळेत प्रगतिपुस्तकावर 'हुशार, पण लक्ष नाही' असा शेरा दरवर्षी यायचा आणि बाबा त्यातलं 'हुशार' एवढंच वाचायचे. मॅट्रिकला मी नापास झाले कारण गणिताचा पेपर मी उलटून बघितलाच नाही. मागच्या पानावर अर्धे प्रश्न होते. पेपर लवकर संपला म्हणून मी खूश होऊन बाहेर आले होते. दुसऱ्या खेपेला पास झाले. घरात ती गोष्ट हसून सांगायचे. मी पण हसायची, पण मला ठाऊक होतं की मी मुद्दाम काही करत नाही आणि तरी प्रत्येक वेळी ते माझ्याच हातून होतं.

सासरी कुणी हसत नव्हतं. मी रोज उठताना ठरवायची, आज काही विसरायचं नाही. दिवसभर जीव मुठीत धरून वावरायची. त्या धसक्यात आणखी विसरायची.

गोळ्या

गावातल्या डॉक्टरांनी मला तपासलं ते पाच मिनिटं. बोलले सगळं अप्पाच. डोळे उघडे, हाक ऐकू येत नाही, हातातली वस्तू पडते. डॉक्टर म्हणाले, झटक्याशिवायची मिरगीही असते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकदा मोठ्या दवाखान्यात मेंदूचा आलेख काढून घ्या म्हणाले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. समोर जे मांडलं ते त्यांनी ऐकलं.

गोळ्यांनी मला झोप यायची. जीभ जड व्हायची. मी भिंतीला टेकून बसून राहायची आणि घर म्हणायचं, सुमन शांत झाली. गंमत अशी की त्या दीड महिन्यात मला कुणी एक शब्द बोललं नाही. दूध उतू गेलं तर मोठी जाऊ स्वतः पुसायची. आत्याबाई, ज्यांनी तीन वर्षांत मला कधी 'जेवलीस का' विचारलं नव्हतं, त्या माझ्या ताटात भाकरी मोडून द्यायला लागल्या. मला ते आवडलं. लाज वाटते लिहायला, पण आवडलं.

मग ताडकळसहून बाबांना बोलावणं गेलं.

अप्पा आणि बाबा ओसरीवर समोरासमोर बसले. अप्पांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, पोरीला मिरगी होती आणि तुम्ही लग्नात लपवली. बाबांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं की हिला कधी फिट आली नाही. अप्पा म्हणाले, त्यांनी परभणीत वकिलाला विचारलंय. मिरगी असल्यावर लग्न मोडता येतं, कायद्यात तसं आहे. तेव्हा ते खरंच होतं, मी नंतर विचारून घेतलं. अप्पा पुढं म्हणाले, मोठ्या दवाखान्याचा कागद येऊ द्या, मिरगी निघाली तर पोरगी तुमची, नात आमची.

मी दाराआड उभी होते. नात आमची, हे मला तिथून ऐकू आलं. मंगल माझ्या कडेवर होती आणि माझ्या कानातल्याशी खेळत होती. मी आत जाऊन तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

माझे यजमान तिथंच खांबाला टेकून उभे होते. नंतर मला म्हणाले, तू फक्त चांगला कागद आण, बाकी मी बघतो. माणूस चांगला होता, आहे. पण त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

वॉर्ड

हैदराबादला जायचं ठरलं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. माहेरचं माणूस अप्पांना नको होतं. ते आत्याबाईंना म्हणाले, तुमी जा, तुमच्या डोळ्यानं बगा. म्हणजे आत्याबाई माझ्या सोबतीला नव्हत्या, माझ्यावर पहाऱ्याला होत्या. मंगलला जावेकडं ठेवलं. त्या आठवड्यात नामांतरावरून बंद होता, एसट्या बंद होत्या, म्हणून गर्दी सगळी रेल्वेत. आम्ही दोघी दाराजवळ गाठोड्यावर बसून गेलो.

वॉर्ड लांबलचक होता. खाटा लोखंडी, शेजारी एकेक लोखंडी कपाट, काळसर रंगाचं. पहाटे नर्स काचेची नळी तोंडात खुपसायची, मग चहा, मग झाडूवाली येऊन खाटांखालून ओला फडका फिरवायची आणि कपाटंही पुसून जायची. नऊ वाजता डॉक्टरांचा फेरा. मग दिवसभर वाट बघायची. तिथं सगळी भाषा दक्खनी. आत्याबाईंचं बालपण निजामाच्या अमलातलं, त्यांना ती चांगली येत होती. मला अर्धी कळायची आणि उरलेल्या अर्ध्यात मी माझ्याबद्दल वाईट बोलतायत असं समजायची.

आमच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केस पांढरे, पायात कापडी बूट. पहिल्या दिवशी त्यांनी मला फार काही विचारलं नाही. आत्याबाईंनाच काम लावलं. म्हणाल्या, "अम्मा, दिनभर इसको देखते बैठो. गुम हुई तो पहले आवाज दो. नै सुनी तो हाथ लगाओ. हाथ लगाने से आती क्या नै आती, वो मेरे कू गिनके बोलो."

आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपली युक्ती काढली. पूजेची विभूती जवळ होतीच. मी हरवले, हाक ऐकली नाही आणि हात लावल्यावर आले, की त्या कपाटाच्या दारावर विभूतीचं एक बोट ओढायच्या. हात लावूनही आले नाही तर कपाटाच्या बाजूच्या पत्र्यावर ओढायचं, असं ठरवलं.

तुम्हाला कुणी दिवसभर टक लावून बघत बसलंय का? मला श्वास घ्यायची चोरी झाली. पहिल्या दिवशी मी हरवायचंच नाही असं ठरवलं. दुपारपर्यंत दारावर नऊ बोटं होती. हात खांद्यावर पडला की मी दचकायची, अंगभर काटा यायचा, आणि कुठं होते ते आठवेपर्यंत आत्याबाई बोट ओढून मोकळ्या. संध्याकाळी कपाट पांढरं दिसायचं. सकाळी झाडूवाली पुसून टाकायची, त्याआधी आत्याबाई मोजून मनात ठेवायच्या. बाजूच्या पत्र्याकडं बघायची मला हिंमत होत नव्हती. मी पाठ करून झोपायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलीला फिट आली. सोळा-सतरा वर्षांची पोर होती, नाव शाहीन. बोलता बोलता तिचे डोळे वर गेले आणि अंग ताठलं. तिची आई धावली. आत्याबाईही उठल्या, तिच्या दंडावर हात ठेवून हाका मारायला लागल्या. ती आली नाही. बराच वेळ आली नाही. शुद्धीवर आली तेव्हा तिला काही माहीत नव्हतं, आई का रडतीय हेही नाही.

आत्याबाई परत येऊन माझ्या खाटेवर बसल्या. पहिल्यांदाच खाटेवर बसल्या, एरवी स्टुलावर. मी मात्र एकच विचार करत होते की माझं असं होत असेल आणि मलाच माहीत नसेल तर? या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही.

आलेख

मेंदूचा आलेख काढायला डोक्याला चिकट मलम लावून तारा चिकटवतात. त्याआधी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र काढलं. लिंगाच्या डबीला हात घातला आणि माझं रडू फुटलं. एकदा ते पडलं होतं, आता मी आपल्या हातानं दूर करणार होते. तिथला तंत्रज्ञ मुसलमान होता, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. त्यानं विचारलं, काय आहे? आत्याबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, अशी वस्तू लांब ठेवायची नसते, मूठ झाका, हात हलवू नका, बस. त्यानं डबी माझ्या मुठीत राहू दिली. त्या आठवड्यात माझ्याशी कुणी इतकं नीट वागलं नव्हतं.

मग जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं, दिवा डोळ्यांवर लुकलुकवला. कागद सरकत होता, सुया खरडत होत्या. त्या सुयांच्या आवाजात माझी मंगल, नात आमची, कागद, सगळं फिरत होतं.

जिना

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वरच्या मजल्यावर खोलीत बोलावलं. आलेख समोर होता. त्या आधी आत्याबाईंकडं वळल्या आणि किती बोटं झाली ते विचारलं. आत्याबाईंनी आठही दिवसांचा आकडा न अडखळता सांगितला. आणि बाजूच्या पत्र्यावर? आत्याबाई म्हणाल्या, "एक नै."

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. लहानपणी कशी होतीस, शाळेत काय व्हायचं, कामं अर्धवट राहतात का, आवडीचं काम असलं तर भान राहतं का. पेपर उलटला नाही ते सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मान हलवून म्हणाल्या, आणखी सांग. असं कुणी म्हटलं नव्हतं मला कधी. मी अर्धा तास बोलत होते. आत्याबाई ऐकत होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिरगी नाही. एकदाही दिसली नाही. पण तू म्हणतेस ते खोटंही नाही. हे लहान मुलांत बघतो आम्ही, चंचल पोरांत. मोठं झालं की जातं असं पुस्तकात आहे, आणि पोरींत फार नसतं असंही पुस्तकात आहे. मला वाटतं पोरींकडं कुणी नीट बघितलंच नाही. त्यांनी एक लांब इंग्रजी नाव सांगितलं. आणि म्हणाल्या, हे मी तुझ्या कागदावर लिहू शकत नाही, बाईमाणसासाठी हे लिहायची रीत नाही अजून, लिहिलं तर कुणी मानणार नाही. मी 'मिरगी नाही' एवढं लिहिते. गोळ्या हळूहळू कमी करून बंद कर.

जिना उतरताना मी ते नाव घोकत होते. मधल्या कठड्यावर कबुतराचं घरटं होतं. खाली आले तेव्हा नाव गेलेलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. एक मिनिट झालाही. मग वॉर्डात गाठोडं बांधताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मिरगी नाही, तर मग लिंग कसं पडलं? मिरगी होती तोवर मी बिचारी होते. आता दूध, मीठ, घागर, सगळं माझ्या पदरात. आजार नाही म्हणजे मुद्दाम. मिरगी निघाली असती तर अप्पांनी मला कीव करून घालवलं असतं, आता चीड येऊन घालवतील. दोन्हीकडून दार तेच.

फाईल

परतीला जागा मिळाली. कागद पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये होता. तो मी छातीशी धरला. मग घाम लागेल म्हणून मांडीवर घेतला. मग कुणी पाणी सांडेल म्हणून, अगदी सुरक्षित राहावा म्हणून, उठून वरच्या फळीवर ठेवला. वर हात पुसून नमस्कारही केला. समोर आत्याबाई आठ दिवसांची झोप काढत होत्या.

सेलूला गाडी दोन मिनिटं थांबायची. गाठोडं, पिशवी, तांब्या, आत्याबाईंचा हात, सगळं खाली घेतलं. मी मोजलंसुद्धा. गाडीचा शेवटचा डबा पुढून गेला तेव्हा माझे हात रिकामे आहेत हे मला दिसलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग जाणाऱ्या गाडीकडं. त्यांना कळलं. त्या फक्त "चल" म्हणाल्या. घरापर्यंतच्या वाटेत त्या पुढं आणि मी मागं, आणि त्या एकदाही वळून बघेनात. घरी त्या काय सांगतील हे मला कळत नव्हतं. पहाऱ्याला पाठवलेलं माणूस काय सांगतं?

ओसरीवर अप्पा होते. बाबांना त्यांनी आदल्या दिवशीच बोलावून ठेवलं होतं. यजमान खांबाजवळ. मंगल आतून धावत आली आणि माझ्या पायाला मिठी मारली. अप्पांनी हात पुढं केला. "कागद."

मी सांगितलं, गाडीत राहिला.

बाबांनी डोळे मिटले. अप्पांनी विचारलं, काय लिहिलं होतं? मी म्हटलं, मिरगी नाही म्हणून. अप्पा म्हणाले, "चांगला कागद कुनी हरवतं का? हरवतो तो वाईट कागद." मी काही बोलणार तेवढ्यात पुढचं आलं. "आन मिरगी न्हाई म्हनतीस, तर मग लिंग कसं पडलं? मुद्दाम पाडलंस?"

मी यजमानांकडं बघितलं. ते फरशीकडं बघत होते. मला त्या क्षणी म्हणावंसं वाटलं, हो, आहे मिरगी, कागदात तसंच होतं. निदान ऐकणाऱ्याला समजलं तरी असतं. जे खरं होतं त्याला नावच नव्हतं, होतं ते मी जिन्यात सांडलं होतं. मंगलच्या डोक्यावर हात ठेवून मी उभी राहिले.

आत्याबाई अजून उंबऱ्याशी होत्या, गाठोडं काखेत तसंच. व्याह्यांसमोर त्या कधी तोंड उघडत नसत.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "तिथं एक पोरगी होती मिरगीची. तिला म्या हात लावला, ती आली न्हाई. हिला आठ दिवस हात लावला. शंभराच्या वर येळा लावला. हर येळी आली. हात लावला की येती, आन दचकून येती. मुद्दाम करनारं मानूस दचकत न्हाई, अप्पा."

नवऱ्याला अप्पा म्हणून हाक मारताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्या 'अवो' म्हणायच्या.

"आन कागद म्हनाल तर कागद बी तसाच गेला. डॉक्टरनीनं मला नजर ठिवाया सांगितलं हुतं. मी गाडीत झोपले. जागी असते तर हात लावला असता. ती चूक माजी हाय."

बाबा पंच्यानं तोंड पुसायला लागले आणि पुसतच राहिले. अप्पा बराच वेळ आत्याबाईंकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मग जावेला म्हणाले, व्याह्याला पाणी द्या, आणि रात्री जेवून जातील म्हणून पिठलं टाका.

मी आत जाऊन मोरीत बसून रडले. भीतीचं रडणं वेगळं आणि ते वेगळं.

नंतर

गोष्ट इथं गोड करून संपवली तर ती खोटी होईल. गोळ्या सुटल्या तसं घराचं लाड करणंही सुटलं. दूध उतू जात राहिलं. आत्याबाई बोलायच्या, चांगलं लागेल असं बोलायच्या, पण बोलायच्या आधी येऊन खांद्याला हात लावायच्या. अप्पांनी माफी मागितली नाही, ते त्या पिढीत नव्हतं. पूजेला मात्र त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून बसवायचं बंद केलं, आत्याबाईंच्या शेजारी बसवलं. लिंग नंतर पडलं नाही. मन पडत राहिलं.

नाव परत मिळायला तीस वर्षं लागली. परभणीत एका बाई डॉक्टरांनी ते साध्या मराठीत समजावून सांगितलं, आणि मी तिथं खुर्चीत बसून म्हटलं, हेच, हेच होतं ते, कबुतराच्या आधीचं. त्यांना वाटलं असेल बाईला आणखीही काही झालंय. औषध सुरू झालं. थोडा फरक पडला, थोडा नाही. भीती मात्र निम्म्यानं गेली, आणि ती गोळीनं नाही गेली, नावानं गेली. म्हणून म्हणते, पोरींनो, नाव विचारून घ्या. आणि कागदावर लिहून घ्या. आणि कागद दुसऱ्या कुणाकडं तरी द्या.

कागदाचं सांगायचं राहिलंच.

यजमानांनी हैदराबादला पत्र टाकलं होतं. दीड महिन्यानं दुसरी प्रत रजिस्टरनं आली. पोस्टमननं अप्पांची सही घेतली. अप्पांनी यजमानांकडून ती वाचून घेतली, इंग्रजीत तीन ओळी होत्या. मिरगी नाही. अप्पांनी कागदाची घडी घातली आणि मला बोलावलं. म्हणाले, "घे. तुजा हाय. जपून ठेव."

मी पदराला हात पुसून पुढं केला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"तिच्याजवळ नका देऊ," त्या म्हणाल्या. "हरवंल. माज्याजवळ द्या."

अप्पांनी मुकाट्यानं कागद त्यांच्या हातात ठेवला.